टायरच्या कडेवरील अक्षरें

मोटार विकत घेतांना गृहस्थ तिचा रंग पाहतो, आसनें दाबून पाहतो, एका लिटरांत ती किती धांवते हें चारदां विचारतो. पण ज्या चार टायरांवर तिचा सारा भार, त्यांच्या कडेवर काय छापलें आहे तें क्वचितच कोणी वाचतो. वास्तविक टायर आपली जन्मपत्रिका अंगावरच वागवीत असतो. वाण आहे ती वाचणाराची.

आपल्याकडील पुष्कळ मोटारींवर १८५/६५ आर १५ ८८ एच असा मजकूर रोमन लिपींत आढळतो. पैकीं १८५ ही टायरची रुंदी, मिलिमीटरांत. ६५ ही मात्र शेकडेवारी: कडेची उंची रुंदीच्या शेंकडा ६५, म्हणजे सुमारें १२० मिलिमीटर. आर म्हणजे रेडियल. मिशलँ या फ्रेंच कंपनीनें १९४६ सालीं पेटंट घेतलेली रचना. १५ हा चाकाचा व्यास, आणि तो इंचांत! एका ओळींत मिलिमीटर, शेकडेवारी व इंच यांची अशी खिचडी एखाद्या विद्यार्थ्यानें केली असती, तर मीं त्याचे गुण कापले असते.

८८ म्हणजे ८८ किलो नव्हेत. तो कोष्टकांतील क्रमांक आहे. त्याचा अर्थ, हा टायर ५६० किलोग्रॅम भार वाहील. ८२ असल्यास ४७५. शेवटचें अक्षर वेगाचें: एस १८०, टी १९०, यू २००, मग एकदम एच २१० आणि व्ही २४०. ताशीं २१० किलोमीटरांनीं जावयास कोण निघालें आहे, असें आपण म्हणाल. परंतु वेगाबरोबर टायर तापतो, आणि तो ताप किती सोसेल याचीच ही खूण आहे. मुंबई–नागपूर समृद्धि महामार्ग २०२५ सालीं पूर्ण खुला झाला. त्या ७०१ किलोमीटरांवर वैशाखांत तासन्‌तास वेगानें जाणारास ही खूण उपेक्षून चालणार नाहीं. नवा टायर घेतांना ही दोन्ही चिन्हें गाडीच्या पुस्तिकेंत सांगितल्याहून हलकीं नसावींत.

कडेवर कमाल दाबाचाही आंकडा असतो. ४४ किंवा ५१ पौंड, दर चौरस इंचास. तेवढी हवा भरावयाची असते, हा गैरसमज आहे. ती टायरची सीमा होय. भरावयाची हवा बहुधा चालकाच्या दाराच्या चौकटीवर लिहिलेली असते, व ती बरीच कमी असते. मात्र त्याहूनही कमी हवा अधिक घातक. कड सारखी वांकते, तापते आणि अखेर फुटते.

सर्वांत मोलाचे आंकडे मात्र सर्वांत लपलेले. डीओटी या अक्षरांनीं सुरू होणाऱ्या ओळीच्या शेवटीं चार अंक असतात. २३१९ म्हणजे २०१९ सालचा तेविसावा आठवडा. टायरचा जन्म तेव्हांचा. आमच्या शेजारच्या गृहस्थांस एका दुकानांत "अगदीं नवा" म्हणून दिलेला टायर चार वर्षांचा निघाला. दुकानदार म्हणाला, "वापरलेला तर नाहीं ना?" तें खरेंच होतें. पण हवेंतील प्राणवायु व उष्णता यांनीं रबर पडल्यापडल्याही कडक होतें, मग त्याला भेगा जातात. वरची नक्षी तशीच खोल राहते, म्हणून डोळे फसतात. पांच वर्षांनंतर टायर दरसाल जाणकाराकडून तपासून घ्यावा. दहा वर्षांनंतर तो कितीही धड दिसला तरी काढावा, असें अनेक कारखानदारच सांगतात. हे अंक पुष्कळदां एकाच बाजूस असतात, आणि ती बाजू नेमकी आंत बसविलेली असते. बॅटरी घेऊन वांकून पाहण्यास लाजूं नये.

आणि स्टेपनी विसरूं नये. वेल्समधील लानेली गांवच्या स्टेपनी रस्त्यावरून आलेला हा शब्द तेथें मागें पडला, आपल्याकडे मात्र घरचा झाला. सामानाखालीं दडलेली स्टेपनी कोरी दिसते, पण वयानें ती इतर चौघांहूनही वडील असूं शकते. कांहीं गाड्यांत ती अरुंद असून तिच्यावर ताशीं ८० किलोमीटर ही मर्यादा छापलेली असते. तिच्यावर नागपूर गांठण्याचा बेत करूं नये. जवळचें पंक्चरचें दुकान गांठावें.