खेळण्यांचे जोडणी-संच : अभिप्रायांवरून मोल कसे जोखावे?

बालशिक्षणात खेळण्याचे स्थान केवळ करमणुकीचे नाही. ताराबाई मोडक व अनुताई वाघ यांनी १९४५ साली बोर्डी येथे बालशिक्षणाचे कार्य आरंभिले, तेव्हा परिसरात सहज मिळणाऱ्या वस्तूंनाच त्यांनी शैक्षणिक साधनांचे रूप दिले. आज अनेक शाळांतून व अंगणवाड्यांतून त्यांच्या जोडीला प्लॅस्टिकच्या ठोकळ्यांचे जोडणी-संच दिसू लागले आहेत. या प्रकारातील सर्वपरिचित नाव लेगो हे होय. डेन्मार्कमधील बिलुंड येथे १९३२ साली स्थापन झालेल्या या कंपनीने आपल्या ठोकळ्याच्या स्वामित्वहक्कासाठी २८ जानेवारी १९५८ रोजी अर्ज केला. त्या वर्षीचा ठोकळा आजच्या ठोकळ्यातही घट्ट बसतो. संचाचे खरे मोल अशा टिकाऊपणात व परस्परजुळणीत असते.

परंतु बंद खोक्यावरील चित्रावरून हे मोल कळत नाही. म्हणूनच अनेकांचे अभिप्राय एकत्र करून त्यांची सरासरी देणाऱ्या संकेतस्थळांकडे ग्राहक वळतो. तुटपुंज्या निधीतून खरेदी करणाऱ्या शाळेला वा ग्रामपंचायतीला हे साधन उपयुक्त आहे. मात्र ते वाचण्याची रीत अवगत हवी.

सरासरीमागील संख्या

समजा, एका संचास ५ अभिप्रायांतून ५ पैकी ४.८ गुण मिळाले आणि दुसऱ्यास २०० अभिप्रायांतून ४.३. प्रथमदर्शनी पहिला संच सरस वाटेल. आता दोहोंस प्रत्येकी एक नवा अभिप्राय केवळ १ गुणाचा आला, तर पहिल्याची सरासरी ४.२ पर्यंत घसरते. दुसऱ्याची मात्र ४.३ च्या आसपासच राहते. तात्पर्य, गुणांआधी अभिप्रायांची संख्या पाहावी. त्यानंतर कमी गुण देणाऱ्यांची कारणे वाचावीत. खोके उशिरा मिळाल्याची तक्रार आणि ठोकळे सैल बसत असल्याची तक्रार यांचे वजन सारखे नसते.

अभिप्राय कोणाचा, हेही महत्त्वाचे. काही समीक्षकांना संच उत्पादकाकडून विनामूल्य मिळतात. बनावट अभिप्रायांना आळा बसावा, यासाठी भारतीय मानक ब्यूरोने २०२२ साली ऑनलाइन ग्राहक-अभिप्रायांसाठी 'आयएस १९०००' हे मानक प्रसिद्ध केले.

किंमत आणि तुकडे

संचाची किंमत तुकड्यांच्या संख्येने भागण्याची पद्धत रूढ आहे. ६०० रुपयांचा ३०० तुकड्यांचा संच प्रत्येक तुकड्यामागे २ रुपयांना पडतो. ४८० रुपयांचा १२० तुकड्यांचा संच ४ रुपयांना. तथापि दुसऱ्यातील ठोकळे मोठे असतील, तर लहान मुलांसाठी तोच योग्य ठरतो. तसेच परदेशी समीक्षकाने 'किफायतशीर' म्हटलेला संच येथे किफायतशीर असेलच असे नाही. भारतात खेळण्यांवरील मूळ आयातशुल्क २०२० साली २० टक्क्यांवरून ६० टक्के आणि २०२३ साली ७० टक्के करण्यात आले. त्यामुळे गुण परदेशी अभिप्रायांतून घेतले, तरी किंमत स्थानिकच धरावी.

सुरक्षितता प्रथम

अभिप्राय कितीही अनुकूल असले, तरी ते सुरक्षिततेची हमी देत नाहीत. खेळण्यांच्या गुणवत्ता नियंत्रण आदेशाची अंमलबजावणी १ जानेवारी २०२१ पासून सुरू झाली असून त्यानुसार खेळण्यांवर आयएसआय चिन्ह आवश्यक आहे. तीन वर्षांखालील बालके वस्तू तोंडात घालतात. बारीक तुकडा घशात अडकल्यास जिवावर बेतू शकते. म्हणून खोक्यावरील वयोमर्यादा व सूचना काटेकोरपणे पाळावी.

खरेदीचा क्रम असा असावा : प्रथम चिन्ह व वयोमर्यादा, मग अभिप्रायांची संख्या व कारणे, आणि शेवटी किंमत. सदोष माल मिळाल्यास राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर तक्रार नोंदविता येते. वर्षभराच्या वापरानंतर किती तुकडे शाबूत राहिले, मुले कशात रमली, याची नोंद शिक्षकांनी ठेवून ती शेजारच्या शाळांना कळविल्यास पुढील खरेदीस अनुभवाचा आधार मिळेल. असा अभिप्राय आपल्याच परिसरातील व आपल्याच मुलांच्या वापरातून आलेला असल्याने त्याचे मोल मोठे आहे.