गोवर, रुबेला आणि हॉलची किल्ली

२७ नोव्हेंबर २०१८ ला महाराष्ट्रात गोवर-रुबेला लसीकरणाची मोहीम सुरू झाली. त्या दिवशीचे फोटो आठवत असतील: फलक, फीत, बाही वर करून कॅमेऱ्याकडे बघणारं एखादं धीट मूल. नऊ महिन्यांपासून पंधरा वर्षांखालच्या प्रत्येकाला उजव्या दंडावर एक टोचणी, आधी लस घेतलेली असो वा नसो, आणि सुरुवात शाळांपासून. परिपत्रकात सगळं इतकं सरळ होतं. मी तेव्हा मुंबईच्या शेजारच्या एका महापालिकेच्या शाळेत शिकवत होतो आणि ‘नोडल शिक्षक’ ही माळ माझ्या गळ्यात पडली होती. महापालिका कुठली ते सांगत नाही. का, ते पुढे कळेलच.

पहिली खडाखडी मोहिमेच्या आधीच झाली, प्रभाग कार्यालयातल्या बैठकीत. आरोग्य विभागाने ‘मायक्रोप्लॅन’ नावाचा तक्ता भिंतीवर दाखवला. त्यात आमची इमारत म्हणजे एक शाळा, एक पथक, एक दिवस. प्रत्यक्षात त्या इमारतीत चार शाळा नांदतात: आमची मराठी, हिंदी, उर्दू आणि दुपारचं माध्यमिक. एक फाटक, एक पाण्याची टाकी, चार मुख्याध्यापक. तक्त्यात पटसंख्या धरली होती ती फक्त आमची. बाकीच्या तीन शाळा त्यांच्या लेखी अस्तित्वातच नव्हत्या, कारण पत्ता एकच होता. आमच्या मुख्याध्यापिका, म्हणजे बाई, उठून म्हणाल्या, “डॉक्टर, वरच्या मजल्यावरची पोरं काय माझ्या पदरात बांधून आणू?” वैद्यकीय अधिकारी तरुण होते, बिचारे गोरेमोरे झाले. पण माणूस सरळ. त्यांनी तिथल्या तिथे वही काढली आणि चारही शाळांचे वर्ग, तुकड्या, सत्रं लिहून घेतली.

मग तारखा. दिवाळीची सुट्टी संपून शाळा नुकत्याच भरल्या होत्या. हा हंगाम म्हणजे क्रीडा दिन, सहल, स्नेहसंमेलन. आमच्या इमारतीत हॉल एकच. त्याची किल्ली हिंदी शाळेच्या शिपाई मामांकडे, आणि त्या हॉलवरून चार शाळांमध्ये जे राजकारण चालतं त्यापुढे महापालिकेची महासभा फिकी. लसीकरणाला हॉल द्यायचा तर लेझीमची तालीम कुठे? मैदानावर. मैदानावर तर उर्दू शाळेच्या कबड्डीच्या रेषा आखलेल्या. हा गुंता सुटला तो आयुक्तांच्या सहीने नाही. हिंदी शाळेच्या मामांची नात दुसरीत होती. बाईंनी मामांना बोलावून ही लस कशासाठी ते नीट सांगितलं. दुसऱ्या दिवशी हॉल झाडून, पाणी मारून तयार.

एक गोष्ट इथेच सांगून टाकतो. आमच्या स्टाफरूममध्ये एक सर होते, कायद्याचे किडे. त्यांनी शिक्षण हक्क कायद्याचं २७ वं कलम काढलं: शिक्षकांना जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणूक यांखेरीज बिगरशैक्षणिक काम लावता येत नाही. लसीकरण त्यात कुठे आहे? मुद्दा बिनतोड होता. बाईंनी शांतपणे ऐकून घेतलं आणि त्यांना रांगेच्या टोकाला उभं केलं, कारण मुलं त्यांनाच सगळ्यात जास्त घाबरायची. ते उभे राहिले, कुरकुरत का होईना.

प्रत्यक्ष दिवशी आरोग्य केंद्रातून सिस्टर आल्या, बरोबर आशाताई आणि अंगणवाडी सेविका. निळा व्हॅक्सिन कॅरियर, आत आईस पॅक, सुया तोडायचं हब कटर, कागदपत्रांचा गठ्ठा आणि एका पेटीत ॲड्रेनॅलिनचं किट. त्या किटला हात लावायची वेळ आमच्याकडे आली नाही, पण सिस्टरांनी टेबल मांडताना सगळ्यात आधी ते उघडून तपासलं. लस म्हणजे कुपीत कोरडी भुकटी. त्यात द्रावण घालून ती विरघळवली की चार तासांच्या आत संपवायची, नाहीतर फेकून द्यायची. एका कुपीत दहा मुलांची लस. त्यामुळे सिस्टरांचं सगळं गणित दहाच्या पाढ्यात. चौथी ‘अ’ मधून सतरा मुलं आली की त्या दाराकडे बघत बसायच्या. “सर, तीन द्या हो कुठून तरी.” मी चौथी ‘ब’ मधून तीन जण उचलून आणायचो. मग चौथी ‘ब’ च्या बाई भडकायच्या, कारण त्यांच्या रांगेचा हिशेब बिघडायचा. दोन्ही बाजू बरोबर होत्या आणि मधल्या मध्ये मी जिना चढत-उतरत होतो.

उपाशीपोटी मुलांना टोचायचं नाही, हा दुसरा दंडक. खिचडी येते मधल्या सुट्टीत आणि सकाळी शाळेत येणारी निम्मी पोरं चहा-पावावर आलेली असतात, काही तर त्याशिवायच. आरोग्य विभागाच्या तक्त्यात ‘सत्र सुरू: सकाळी ९’ होतं. बाईंनी खिचडी करणाऱ्या बचत गटाच्या बायकांना विनंती केली. त्या पहाटे उठल्या आणि साडेआठला पातेली हजर. खिचडीची वेळ बदलायला खरं तर वेगळी परवानगी लागते म्हणे. तो विषय कोणी काढला नाही.

आता सुईची भीती. आम्हाला वाटलं होतं पहिली-दुसरीची पिल्लं रडून गोंधळ घालतील. तसं काही झालं नाही. घोळ घातला तो आठवीच्या एका दादाने. उंच, आडदांड, शाळेच्या कबड्डी संघाचा कर्णधार; दुपारच्या सत्रात त्याला मुद्दाम पहिला नंबर दिला, म्हणजे बाकीच्यांना धीर येईल. लस टोचून झाली, तो उठला, दोन पावलं चालला आणि बदकन खाली बसला. डोळे पांढरे. रांगेत कोणीतरी ओरडलं, “मेला!” झालं. पाच मिनिटांत तीन मुलींना चक्कर आली, त्यातल्या दोघींना अजून लस टोचलीही नव्हती. मोबाईल बाहेर निघाले. आणखी दहा मिनिटं गेली असती तर ‘शाळेत लसीमुळे विद्यार्थी बेशुद्ध’ ही बातमी अख्ख्या वस्तीत फिरली असती.

सिस्टरांनी कर्णधाराला आडवं केलं, पाय बाकावर उचलून ठेवले, नाडी धरली. आवाजही चढवला नाही. “काही नाही झालं. सुई बघून घाबरलाय. मोठ्या माणसांनाही होतं.” तो सावध होऊन पाणी प्यायला, लाजला. त्यानंतर व्यवस्था बदलली. टोचायची खोली वेगळी, थांबायची वेगळी आणि टोचून झाल्यावर अर्धा तास बसायची तिसरी, तिथे मुलांशी गप्पा मारायला एक शिक्षक. ही तीन खोल्यांची रचना सूचनापत्रात पहिल्यापासून होती, पण आम्ही हॉलच्या भांडणात ती वाचायची सोडून दिली होती, आणि सगळं एकाच हॉलमध्ये मांडलं होतं. रांगेत पुढे उभी केली दुसरीतली एक चिमुरडी. टोचून झाल्यावर तिच्या डाव्या अंगठ्यावर शाईची खूण केली, तशी ती सगळ्यांना दाखवत सुटली, “मी मत दिलं! मी मत दिलं!”

खरी कसोटी वरच्या मजल्यावर, उर्दू शाळेत होती. व्हॉट्सॲपवर अफवा फिरत होत्या: या लसीने मुलं पुढे वांझ होतात. रुबेलाची लस मुळात कशासाठी? गरोदर बाईला रुबेला झाला तर पोटातल्या बाळाचे डोळे, कान, हृदय यांवर परिणाम होतो, तो टाळण्यासाठी. म्हणजे ज्या लसीचा हेतूच निरोगी मूल, तिच्यावरच हा आळ. मुलग्यांना का देता, हाही प्रश्न होताच. संसर्ग मुलगा-मुलगी बघत नाही, हे उत्तर ऐकायच्या मनःस्थितीत कोणी नव्हतं. लसीकरणाच्या दिवशी उर्दू शाळेचे वर्ग ओस पडले. मग साहेब आले, प्रोजेक्टर आला, भाषण झालं, पालक ऐकून घरी गेले. दुसऱ्या दिवशीही वर्ग ओस.

त्या शाळेच्या मुख्याध्यापिका, सगळे त्यांना आपा म्हणत, मितभाषी होत्या. त्यांनी वैद्यकीय अधिकाऱ्यांना एवढंच सांगितलं, “साहेब, तुम्ही येऊ नका. माणसं बदला.” आमच्या इमारतीला दिलेलं पथक दुसऱ्या प्रभागातलं होतं. वस्तीतल्या बायकांना ओळखीचा चेहरा हवा होता, ज्या सिस्टरने त्यांच्या तान्ह्यांना डोस दिले तो. शिवाय सकाळी त्या कामात असतात: कोणी घरी इमिटेशन दागिन्यांचे खडे चिकटवतं, कोणी धुण्याभांड्याला जातं. दुपारी तीननंतर मोकळ्या. आपांनी वेळ दुपारची मागितली आणि एक अट घातली: आयांना खोलीत मुलांशेजारी उभं राहू द्यायचं. वैद्यकीय अधिकाऱ्यांनी पथकांची अदलाबदल केली. वरिष्ठांना कळवलं ते करून झाल्यावर. त्या दुपारी आया आल्या. सगळ्या नाही, पण बऱ्याच. जुन्या सिस्टरना बघून एक बाई म्हणाली, “अरे, ये तो अपनी दीदी है,” आणि मुलाची बाही स्वतःच वर केली.

अफवा म्हटलं की फक्त झोपडपट्टीकडे बोट दाखवायची सवय आहे, म्हणून हेही सांगायला हवं. टॉवरच्या शेजारच्या एका खासगी इंग्रजी शाळेत आमच्या पथकाला फाटकाच्या आत यायलाच चार दिवस लागले. पालकांचं म्हणणं, आमच्या मुलांना आमच्या डॉक्टरने एमएमआर कधीच दिली आहे, पालिकेची सुई कशाला? व्यवस्थापनाचं म्हणणं, वरून पत्र आणा. पत्र नेलं, तर ‘संमतीचं काय?’ तो प्रश्न काही गैर नव्हता. जानेवारी २०१९ मध्ये दिल्लीत हाच वाद उच्च न्यायालयात गेला आणि पालकांची संमती हवी असं न्यायालयाने सांगितलं. फरक एवढाच की इथे शाळेला मुळात पालकांना विचारायचंच नव्हतं. शेवटी पालकांपैकीच एक बालरोगतज्ज्ञ पुढे झाल्या. जादाच्या डोसने अपाय होत नाही, हे त्यांनी सोप्या भाषेत लिहून सगळ्यांना पाठवलं आणि स्वतःच्या मुलाला घेऊन रांगेत उभ्या राहिल्या. पुढचं सोपं गेलं.

रोज संध्याकाळी आकडे पाठवायचे असत. आरोग्य विभागाच्या यादीत एक शेरा वारंवार यायचा: ‘गावी गेला’. आमच्या पाचवीच्या वर्गशिक्षिका तो वाचून हसायच्या. “हा कसला गावी जातोय, बापाच्या भाजीच्या गाडीवर बसलाय नाक्यावर.” आशाताई नाक्यावर जाऊन त्याला घेऊन यायच्या. ‘गावी गेला’ यादीतली किती तरी मुलं अशी दोन-तीन गल्ल्यांच्या परिघात सापडली. नववीतल्या काहींनी उलटी चाल केली. आपलं वय पंधरा पूर्ण आहे म्हणून हटून बसले. जनरल रजिस्टर काढलं. निम्म्यांची जन्मतारीख १ जून, पण वर्षाने दगा दिला.

अर्धा तास बसवलेल्या मुलांना ग्लुकोजची बिस्किटं दिली होती. त्याचं बिल आरोग्य विभागाने शिक्षणाकडे धाडलं, शिक्षणाने आरोग्याकडे. शेवटी सादिल खर्चात टाकलं. लेखापरीक्षणात त्यावर आक्षेप निघाला.

२०२२ च्या शेवटी गोवंडीत गोवर उसळला, भिवंडी आणि मालेगावातही पसरला, तेव्हा आमच्याकडेही धावपळ सुरू झाली. या वेळी जादा डोस हवा होता तो पाच वर्षांखालच्या मुलांना, म्हणजे शाळेत नसलेल्यांना. त्याच जुन्या सिस्टर सकाळी प्रार्थना संपताच थेट वर्गात आल्या आणि बाईंना म्हणाल्या, “घरात लहान भावंड कोणाकोणाला आहे, तेवढं विचारा ना.” पोरांनी हात वर केले, काहींनी दोन्ही. नावं, गल्ली, घरची खूण लिहून एका तासात यादी तयार झाली. नवे लिपिक गोंधळले होते, “पण पत्र कुठे आहे?” “येतंय,” सिस्टर म्हणाल्या, “तुम्ही यादी द्या.”

पत्र आलं ते शिबिर उरकल्यावर नवव्या दिवशी. बाईंनी आवक नोंदवहीत त्याच्यासाठी एक ओळ कोरी ठेवायला सांगितलं होतं.