टर्बोची शीळ आणि हमीचा कागद

मराठी भाषेला आवाजांची ददात नाही. दार करकरते, छाती घरघरते, बांगड्या किणकिणतात, पाचोळा सळसळतो आणि पोट गुडगुडते. चार वर्षे संसार केलेल्या गृहिणीला पाठ फिरवून उभी असतानाही फोडणीच्या नुसत्या आवाजावरून तेल किती तापले ते कळते. अशा भाषेत वाढलेला माणूस मोटारीच्या सर्व्हिस सेंटरात जातो, तेव्हा मात्र त्याच्या हाती एकच शब्द ठेवला जातो, तो म्हणजे 'नॉइज'. गाडी शीळ घालो, कण्हो, फुसफुसो की किंचाळो, काउंटरवरचा तरुण जॉबकार्डावर लिहितो, 'नॉइज चेक करणे'. संध्याकाळी गाडी धुऊन-पुसून परत मिळते आणि त्याच कार्डावर शेरा असतो, 'नॉर्मल'. या दोन शब्दांच्या फटीत चाळीस-पन्नास हजार रुपये सहज अडकून बसतात. जुनी डिझेल गाडी घेऊ पाहणाऱ्या वाचकांच्या कानी ही गोष्ट घालावी, म्हणून हा लेखनप्रपंच.

ज्या यंत्रापायी हे रामायण घडते त्याला टर्बोचार्जर म्हणतात. गॅरेजात नुसते 'टर्बो'. लोहाराचा भाता ज्यांनी पाहिला आहे त्यांना ते समजावयास वेळ लागणार नाही. भट्टीला वारा घातला की निखारा फुलतो आणि आच वाढते. इंजिनातही अधिक हवा कोंडून भरली की तेवढ्याच आकारमानात अधिक इंधन जळते, अधिक ताकद निघते. प्रश्न एवढाच, की हा भाता ओढावयाचा कोणी? विंटरथूर येथे जन्मलेले आल्फ्रेड ब्यूखी नावाचे एक स्विस इंजिनिअर होते. त्यांनी १९०५ साली जे पेटंट घेतले त्यात या प्रश्नाचे मोठे मार्मिक उत्तर आहे: भट्टीच्या धुरानेच भाता हलवावा! इंजिनातून वाया जाणारा तप्त वायू एका पंख्यावर सोडावयाचा. त्या पंख्याच्या दांड्याला दुसऱ्या टोकाशी आणखी एक पंखा. तो बाहेरची हवा खेचतो आणि इंजिनात दाबून भरतो. आधी आगबोटींनी, मग मालमोटारींनी ही युक्ती उचलली. १९७८ साली मर्सिडीज-बेंझची '३०० एसडी' ही टर्बो बसवलेली डिझेल प्रवासी मोटार बाजारात आली, आणि पुढे आपल्याकडच्या लहान गाड्यांपर्यंतही तिचे हे लेणे येऊन पोहोचले.

लेणे खरे, पण नाजूक. इंजिन मिनिटाला दोन हजार फेरे घेत असते तेव्हा टर्बोचा तो करंगळीएवढा दांडा लाखाच्या हिशेबात फिरत असतो. लहान गाडीत दोन लाख फेऱ्यांपर्यंतही मजल जाते, म्हणजे सेकंदाला तीन हजारांहून अधिक! एका अंगाला चढावर सातशे अंशांच्या घरातला वायू, दुसऱ्या अंगाला बाहेरची गार हवा. बहुतेक गाड्यांत या दांड्याला गोळ्यांचे बेअरिंगही नसते. बुशमध्ये, इंजिनाच्याच तेलाच्या पातळ पडद्यावर तो तरंगत असतो. तो पडदा फाटला की खेळ संपला. तेल वेळेवर न बदलणे, बदलले तरी हलके घालणे, घाट चढून आल्याबरोबर किल्ली फिरवून तापलेले इंजिन एकदम बंद करणे या सगळ्याने तेलाची नळी आतून कोळशाने बुजत जाते, आणि दांड्याला तहान लागते. आधीच्या मालकाने पाच वर्षांत केलेली ही पापे सहाव्या वर्षी नव्या मालकाच्या कानावर येतात.

आता आवाजांकडे वळू. टर्बोला अजिबात आवाज नसावा असे कोणी समजू नये. वेग घेताना येणारी बारीक, पातळ शीळ ही निरोगी टर्बोचीही असते आणि काही शौकिनांना ती आवडतेसुद्धा. वेग घेताना 'फुस्स' असा हवा निसटल्याचा आवाज येत असेल आणि गाडी ओढत नसेल, तर बहुधा एखादा रबरी पाइप चिरलेला असतो किंवा त्याची क्लिप ढिली असते. हे काम शे-दोनशेत भागू शकते, म्हणून ते आधी पाहावे. सकाळी थंड इंजिनातून 'टिक्-टिक्' किंवा 'चुक्-चुक्' असा आवाज येऊन गाडी तापल्यावर तो कमी होत असेल, तर एक्झॉस्टच्या जोडावरचे गॅस्केट गेलेले असण्याचा संभव अधिक. परंतु दूरवरून रुग्णवाहिका यावी तसा, फेऱ्यांबरोबर चढणारा आणि फेऱ्यांबरोबर उतरणारा, आठवड्या-आठवड्याला मोठा होत जाणारा आवाज असेल, तर दांडा डगमगू लागला असे समजावे. त्याच्या जोडीला निळसर धूर दिसला आणि तेल कमी होऊ लागले, तर संशयाला जागा उरत नाही. आणि धातू धातूवर घासल्याचा आवाज आला तर गाडी तेथेच थांबवावी. मोडक्या पात्याचे तुकडे इंजिनाच्या पोटात जातात, किंवा फुटलेल्या सीलमधून गळणारे तेलच डिझेलच्या जागी जळू लागते. तसे झाले तर किल्ली काढूनही इंजिन बंद होत नाही, हे पुष्कळांना ठाऊक नसते.

आमच्या गाडीचा आवाज यांतला चौथा. मार्च २०२३ मध्ये पुण्याच्या एका जुन्या गाड्यांच्या दुकानातून आम्ही ती घेतली. सहा वर्षांची डिझेल गाडी, ८१,३०० किलोमीटर झालेले, किंमत ४ लाख ४० हजार, आणि सोबत सहा महिने किंवा साडेसात हजार किलोमीटर, जे आधी भरेल तेथवरचे हमीपत्र. आईला दर पंधरवड्यास साताऱ्याहून पुण्याला उपचारासाठी न्यावे लागे, एस. टी.चा प्रवास तिला सोसत नव्हता, म्हणून हा घाट. जूनअखेर आवाज सुरू झाला. पुण्याकडे जाताना खंबाटकीच्या बोगद्यात काच खाली केली की भिंतीवर आपटून तो असा स्पष्ट ऐकू येई की मागच्या आसनावरून आई विचारी, "अरे, ही रडतेय का?"

आमच्या गल्लीच्या तोंडाशी एक वयस्क मिस्त्री आहेत. त्यांनी लांब स्क्रू-ड्रायव्हरचे टोक टर्बोच्या अंगाला लावले, मूठ कानाला लावली आणि मला रेस द्यावयास सांगितले. मग पाइप चाचपले, क्लिपा पाहिल्या. शेवटी म्हणाले, "सर, ही शीळ नव्हे, हे कण्हणं आहे. पण मी उघडत नाही. उघडलं की ते म्हणतील, बाहेरच्यानं हात लावला." त्यांनी तपासणीचे पैसे घेतले नाहीत. माझ्या मते सबंध प्रकरणातला सर्वांत मोलाचा सल्ला हाच. हमी चालू असताना नट सैल करणेसुद्धा आपल्या दाव्याच्या मुळावर येते.

दुकानात दोनदा खेप झाली आणि दोन्ही वेळा 'नॉर्मल' असा शेरा मिळाला. कारण उघड होते: त्यांचा माणूस उभ्या गाडीत रेस देऊन ऐके. उभ्या गाडीत इंजिनावर भार नसतो, त्यामुळे टर्बोवरही पुरेसा दाब येत नाही. रोग्याला निजवून 'धाप लागत नाही' असे लिहावे त्यातला प्रकार. तिसऱ्या खेपेला मी जॉबकार्ड लिहिणाऱ्याला म्हटले, "नॉइज हा शब्द खोडा. लिहा: तिसऱ्या गियरमध्ये, चढावर, १,८०० ते २,५०० फेऱ्यांच्या दरम्यान शिट्टीसारखा चढता आवाज." तो हसला, म्हणाला, "सर, एवढी जागा नाही." मी म्हटले, "पाठीमागे लिहा." त्याने लिहिले. मग त्यांच्या मेकॅनिकला शेजारी बसवून कात्रजच्या जुन्या घाटात गाडी नेली. मुलीने फोनवर आवाज टिपला, तोही असा की फेऱ्यांचा काटा चित्रात दिसावा. दुसऱ्या वळणावर मेकॅनिक गप्प झाला.

तो गप्प झाला, पण दुकान बोलू लागले. मुदत ११ सप्टेंबरला संपत होती. "पुढच्या सर्व्हिसिंगला बघू" असे गोड उत्तर आले. अशा गोड उत्तरातच मुदती संपतात. मी २८ ऑगस्टला ई-मेलही केला आणि रजिस्टर पत्रही धाडले; दोष मुदतीत कळवला आहे, तिन्ही जॉबकार्डांच्या तारखा अमुक, किलोमीटर ८६,०००, असे त्यात स्वच्छ नमूद केले. आठवड्याने उत्तर आले: टर्बो हा इंजिनाच्या बाहेर बसवलेला भाग असल्यामुळे हमीत येत नाही.

येथे व्याकरण शिकवून पोट भरणाऱ्याला स्फुरण चढले, हे मी नाकारीत नाही. हमीपत्र इंग्रजीत होते. त्यात इंजिनाचे जे भाग धरले होते त्यांचे वर्णन मराठीत सांगावयाचे तर 'आतून वंगण मिळणारे सर्व भाग' असे होते. दुकानदार त्याचा अर्थ 'आतले, वंगण मिळणारे भाग' असा करीत होता. 'आतून' हे क्रियाविशेषण आहे. ते वंगण कोठून मिळते ते सांगते, भाग कोठे बसवला आहे ते सांगत नाही. टर्बोच्या दांड्याला वंगण मिळते ते इंजिनाच्याच तेलाचे, इंजिनाच्याच पंपाने, इंजिनातूनच निघालेल्या नळीने. मग तो भाग बाहेर असो की आत! वगळलेल्या भागांची यादीही पाहिली: क्लच, ब्रेक, बॅटरी, टायर, वायपर, बल्ब. टर्बोचे नाव नव्हते. एवढ्या तपशिलाने बल्बसुद्धा वगळणाऱ्याला टर्बो वगळावयाचा असता तर त्याने ते लिहिले नसते काय? हाच युक्तिवाद मी साध्या भाषेत, एका पानात लिहून पाठवला.

त्या पानाच्या शेवटी कायद्याच्या दोन ओळी होत्या, त्यांचाही उपयोग झाला असावा. 'घेणाऱ्याने डोळे उघडून घ्यावे' हे तत्त्व १९३० च्या मालविक्री कायद्यातही आहे, परंतु त्याला अपवादही त्याच कलमात आहेत. शिवाय २०१९ चा ग्राहक संरक्षण कायदा २० जुलै २०२० पासून लागू झाला, आणि त्याने आमच्यासारख्यांची एक मोठी अडचण दूर केली: आपण राहतो त्या जिल्ह्याच्या आयोगापुढेच तक्रार करता येते. पुण्याच्या दुकानाविरुद्ध साताऱ्यात दाद मागता येते. मोबदला पाच लाखांपर्यंत असेल तर शुल्क नाही. वकील दिलाच पाहिजे असेही नाही. मुदत कारण घडल्यापासून दोन वर्षांची. त्याआधी १९१५ या क्रमांकावर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनकडे गाऱ्हाणे नोंदवता येते. मी नोंदवले आणि तो नोंदणी क्रमांक पत्रात घातला. धमकीचा शब्द एकही लिहिला नाही. धमकीला उत्तर देणे दुकानदाराला सोपे जाते. तारखांना उत्तर देणे कठीण असते.

सप्टेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात फोन आला: टर्बोचा मधला गाभा बदलून देऊ, मजुरी आणि तेल-फिल्टरचा खर्च तुमचा. गाभा म्हणजे दोन्ही पंखे, दांडा आणि बुश असलेला भाग. बाहेरचे कवच चांगले असेल तर तोच तेवढा बदलता येतो. मी दोन अटी घातल्या. तेलाची नळी साफ न करता बदलून नवी घालावयाची. कारण जुनी बुजकी नळी ठेवून नवा टर्बो बसवणे म्हणजे त्याला उपाशी ठेवण्यासाठीच घरी आणणे. आणि काढलेला भाग मला दाखवावयाचा.

त्यांनी दाखवला. दांड्याचे टोक बोटांत धरून मेकॅनिकने हलवले तर ते खिळखिळ्या दातासारखे हलले. हवेच्या बाजूच्या पंख्याच्या पात्यांच्या कडा कवचाला घासून चकचकीत झाल्या होत्या. तेलाच्या नळीच्या तोंडाशी काळा कोळसा असा बसला होता की सुई जेमतेम जाईल. कात्रजच्या घाटात गप्प झालेलाच तो मेकॅनिक, हळूच म्हणाला, "सर, अजून महिनाभर गेली असती."

खंबाटकीत, पावसात, मागे आई बसलेली असताना ती कोठे थांबली असती याचा विचार मी तेव्हा केला नाही. बिल पाहत होतो. माझ्या वाट्याचे ५,८०० रुपये झाले. बिलाच्या तळाशी बारीक अक्षरात लिहिले होते, की नव्या भागाला 'मूळ हमीची उर्वरित मुदत' लागू राहील. मूळ हमी संपून पंधरवडा लोटला होता. म्हणजे उर्वरित मुदत उणे पंधरा दिवस! मी ते वाक्य मोठ्याने वाचून दाखवले. व्यवस्थापकांनाही हसू आवरले नाही. मी सहा महिने मागितले, त्यांनी तीन देऊ केले, तेवढ्यावर मिटवले. बसवल्याच्या दिवसापासून तीन महिने, असे त्यांच्या हस्ताक्षरात लिहून, खाली शिक्का मारून घेतला आणि कागद गाडीच्या खणात ठेवून साताऱ्याची वाट धरली.