संगणकाचा पंचनामा

प्रस्तावना

काशीला पंचगंगा घाटाच्या पायऱ्या चढून वर गेले की मंगला गौरीचे मंदिर लागते. जवळच्या दुर्गाघाट, ब्रह्माघाट या वस्त्यांत मराठी कुटुंबे पिढ्यान्‌पिढ्या राहत आली आहेत. याच काशीत महाराष्ट्राशी नाते सांगणारे एक आधुनिक यंत्रही आले. काशी हिंदू विश्वविद्यालयाच्या आवारातील भारतीय प्रौद्योगिकी संस्थेत १९ फेब्रुवारी २०१९ रोजी ‘परम शिवाय’ या महासंगणकाचे उद्घाटन झाले. पुण्यात मुख्यालय असलेल्या सी-डॅक या संस्थेने तो उभारला. त्याची क्षमता सेकंदाला सुमारे ८३७ लाख कोटी गणिती क्रिया इतकी होती.

महासंगणक म्हणजे एकच अवाढव्य यंत्र नव्हे. अनेक संगणक एकमेकांना जोडून तो तयार होतो. जगातील सर्वांत वेगवान ५०० महासंगणकांच्या यादीतील प्रत्येक यंत्र नोव्हेंबर २०१७ पासून लिनक्स प्रणालीवर चालत आले आहे. अशा यंत्रावर एखादे गणित कित्येक दिवस चालते. जोडलेल्या संगणकांपैकी एकच मध्ये बंद पडला, तरी झालेले सारे काम वाया जाऊ शकते. बंद पडलेला संगणक पुन्हा सुरू करणे सोपे असते. तो का बंद पडला हे शोधणे मात्र अवघड असते. हा शोध कसा घेतात, ते या पाठात पाहू.

१. गाभाच कोसळतो तेव्हा

लिनक्सच्या गाभ्याला ‘कर्नेल’ म्हणतात. मेमरी, डिस्क, नेटवर्क या सर्वांचा कारभार कर्नेल पाहतो. एखादा साधा प्रोग्राम बिघडला, तर कर्नेल तेवढाच बंद करतो आणि बाकीचे काम चालू राहते. परंतु कर्नेलमध्येच सावरता न येणारी चूक घडली, तर पुढे जाऊन माहितीची नासाडी करण्यापेक्षा तो सर्व काम थांबवतो. या स्थितीस ‘कर्नेल पॅनिक’ असे नाव आहे.

चुकीचा पुरावा त्या क्षणी मेमरीत असतो. घाईने संगणक पुन्हा सुरू केला, की तो नाहीसा होतो. अपघातानंतर पंचनामा होण्याआधीच जागा धुऊन काढावी, तसाच हा प्रकार होय. म्हणून त्या क्षणीच्या मेमरीची नक्कल जपून ठेवतात. तिला ‘क्रॅश डंप’ म्हणतात.

२. पंच आधीच नेमावा लागतो

ही नक्कल करणार कोण? कोसळलेल्या कर्नेलवर विसंबता येत नाही. तो डिस्कवर भलत्याच ठिकाणी लिहून चांगली माहितीही बिघडवू शकतो. यावर ‘केडंप’ या पद्धतीने तोड काढली. विवेक गोयल, एरिक बिडरमन व हरिप्रसाद नेल्लितीर्थ यांनी २००५ साली ऑटावा येथील लिनक्स परिषदेत तिच्यावर निबंध सादर केला. त्याच वर्षी लिनक्सच्या २.६.१३ या आवृत्तीत ती समाविष्ट झाली.

या पद्धतीत संगणक सुरू होतानाच मेमरीचा एक लहान भाग राखून ठेवतात आणि तेथे दुसरा कर्नेल तयार ठेवतात. पहिला कोसळताच कारभार या दुसऱ्याकडे जातो. तो राखीव जागेत राहूनच पहिल्याची मेमरी वाचतो, तिची नक्कल डिस्कवर किंवा नेटवर्कवरील दुसऱ्या संगणकावर ठेवतो आणि मग यंत्र पुन्हा सुरू करतो.

३. डंप मिळाला नाही तर

अनेकदा संगणक कोसळतो, पण डंप सापडत नाही. तेव्हा पुढील गोष्टी क्रमाने तपासाव्यात.

(अ) मेमरी राखून ठेवली आहे काय आणि दुसरा कर्नेल तेथे चढवला गेला आहे काय?
(आ) राखीव मेमरी पुरेशी आहे काय? ती अपुरी असल्यास दुसरा कर्नेलही मध्येच थांबतो.
(इ) डंप ठेवण्याच्या जागी मोकळी जागा आहे काय? निरुपयोगी पाने वगळून डंप लहान करण्याचे काम ‘मेकडंपफाइल’ हे साधन करते.
(ई) दुसऱ्या कर्नेलजवळ ती डिस्क किंवा नेटवर्क चालवण्याचे ड्रायव्हर आहेत काय?
(उ) संगणक खरोखर कोसळला, की नुसता गोठला? गोठलेल्या यंत्रात पॅनिक आपोआप होईलच असे नाही. गोठल्याचे ओळखून पॅनिक घडवण्याची सोय आधी चालू करावी लागते.

ही व्यवस्था चालते की नाही, हे खऱ्या संकटापूर्वीच पाहावे. त्यासाठी मुद्दाम पॅनिक घडवता येतो. मात्र ज्यावर कोणाचेही काम चालू नाही, अशाच संगणकावर हा प्रयोग करावा.

४. डंपचे वाचन

डंप वाचण्यासाठी ‘क्रॅश’ नावाचे साधन वापरतात. त्याला कोसळलेल्या कर्नेलच्याच आवृत्तीची खुणांसह असलेली प्रत द्यावी लागते. आवृत्ती वेगळी असेल तर अर्थ लागत नाही. प्रथम शेवटचे संदेश पाहावेत. नंतर कोणत्या कार्यातून कोणते कार्य बोलावले गेले, ती साखळी मागे मागे तपासावी. जेथे कर्नेल पडला, तेथेच चूक असते असे नाही. एका ड्रायव्हरने बिघडवलेल्या मेमरीवर दुसराच ठेचकाळतो. म्हणून एकाच डंपवरून कोणाला दोषी ठरवू नये. दोन-तीन डंप ताडून पाहावेत.

डंपमध्ये लोकांचे परवलीचे शब्द आणि खासगी मजकूरही असू शकतो. तो कोणाच्याही हाती पडू देऊ नये.

थोडक्यात

पुरावा अपघाताच्या क्षणी निर्माण होतो, पण तो जपण्याची तयारी अपघातापूर्वीच करावी लागते.

पाठावरील प्रश्न

१. कोसळलेल्या कर्नेलकडूनच डंप का घेत नाहीत?
२. डंप न मिळण्याची कोणतीही तीन कारणे लिहा.
३. ‘पंचनामा’ ही उपमा या विषयाला कितपत लागू पडते? आपल्या शब्दांत सांगा.