पोटात गोदी असलेले जहाज

जहाजात पाणी शिरू लागले, की खलाशांची धावपळ उडते. परंतु काही जहाजांत खलाशी मुद्दामच पाणी घेतात आणि तरीही ती बुडत नाहीत. स्पेनच्या आरमारातील 'कास्तिया' हे असेच एक जहाज होय.

मोठ्या जहाजाला माल उतरविण्यासाठी खोल पाणी, भक्कम धक्का आणि अवजड सामान उचलणाऱ्या याऱ्या लागतात. जेथे बंदरच नाही, तेथे काय करावे? किनाऱ्याजवळ पाणी उथळ; जहाज पुढे नेले तर ते वाळूत रुतणार. ही अडचण दूर करण्यासाठी स्पेन आणि नेदरलँड्स या देशांनी मिळून नव्या जहाजांचा आराखडा तयार केला. त्यानुसार बांधलेले कास्तिया २००० साली आरमारात दाखल झाले. त्याची लांबी १६० मीटर आहे.

या जहाजाच्या पोटात, पिछाडीकडे, एक गोदी असते. तीत सपाट तळाच्या चार मोठ्या होड्या मावतात. जहाज किनाऱ्यापासून दूर उभे राहते. मग त्याच्या टाक्यांत समुद्राचे पाणी घेतात. त्या भाराने पिछाडी हळूहळू खाली जाते. मागचा प्रचंड दरवाजा उघडताच गोदीत पाणी भरते आणि सैनिक व मोटारी घेतलेल्या होड्या तरंगत बाहेर पडतात. सपाट तळामुळे त्या थेट वाळूपर्यंत जातात. तेथे होडीचा पुढचा दरवाजा खाली पडला, की त्याचीच उतरण होते. होड्या परतल्यावर टाक्यांतील पाणी बाहेर टाकतात. जहाज पूर्ववत वर येते.

ही सारी योजना युद्धासाठी होती. परंतु १२ जानेवारी २०१० रोजी कॅरिबियन समुद्रातील हैती देशात भीषण भूकंप झाला. लाखो लोक बेघर झाले. राजधानीच्या बंदराचे धक्के खचले, याऱ्या पाण्यात कलल्या. मदत घेऊन आलेल्या साध्या जहाजांना माल उतरविणे दुष्कर झाले. त्या वेळी कास्तिया डॉक्टर, अभियंते आणि नौसैनिक घेऊन स्पेनहून निघाले व पेती-ग्वाव या गावासमोर येऊन थांबले. त्याच्या होड्यांनी माणसे व यंत्रे किनाऱ्यावर पोहोचविली. सुमारे तीन महिने त्या पथकाने जखमींवर उपचार केले, ढिगारे उपसले आणि तहानलेल्यांना पिण्याचे पाणी पुरविले.

शत्रूच्या किनाऱ्यावर सैन्य उतरविण्यासाठी योजलेली गोदी अशा रीतीने संकटग्रस्तांच्या उपयोगी पडली. साधन तेच; हेतू बदलला, की त्याचे कार्यही बदलते.