भाड्याच्या घरातील सुरक्षितता : भाडेकरूचे हक्क आणि घरमालकाची जबाबदारी
(थेरगाव परिसराच्या विशेष संदर्भात)

प्रस्तावना

अन्न, वस्त्र व निवारा या मानवाच्या मूलभूत गरजा मानल्या जातात. औद्योगिक शहरात येणाऱ्या माणसाला यांपैकी निवाऱ्याची गरज बहुधा भाड्याच्या घरातूनच भागवावी लागते. १९५४ मध्ये पिंपरी येथे हिंदुस्थान अँटिबायोटिक्स हा कारखाना स्थापन झाला. त्यानंतर महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाची वसाहत, भोसरी व आकुर्डीचे कारखाने, पुढे चाकणचा वाहन उद्योग आणि हिंजवडीचे माहिती तंत्रज्ञान केंद्र असा पिंपरी-चिंचवड परिसराचा विस्तार होत गेला. पवना नदीकाठचे थेरगाव हे या विस्ताराच्या मध्यावर आहे. डांगे चौकातून एका बाजूस हिंजवडी, तर दुसऱ्या बाजूस चिंचवड व पुढील कारखाने गाठता येतात. त्यामुळे कामगार, अभियंते, परिचारिका, विद्यार्थी आणि विनाअनुदानित महाविद्यालयांत काम करणारे प्राध्यापक असे नाना स्तरांतील लोक येथे भाड्याने राहतात.

भाडे, अनामत रक्कम आणि घर रिकामे करणे या विषयांवर घरमालक व भाडेकरू यांच्यात नेहमी चर्चा होते. घर राहण्यास सुरक्षित आहे काय, हा प्रश्न मात्र क्वचितच विचारला जातो. प्रस्तुत लेखात घराच्या सुरक्षिततेबाबत कायद्याने घरमालकावर कोणती जबाबदारी टाकली आहे, भाडेकरूला कोणते हक्क दिले आहेत आणि हे हक्क करारनाम्याच्या स्वरूपानुसार कसे बदलतात, याचे विवेचन केले आहे.

भाड्याच्या घरांचे स्वरूप

थेरगाव, काळेवाडी, रहाटणी या पट्ट्यात शेतजमिनीचे एक-दोन गुंठ्यांचे तुकडे पाडून त्यांवर घरे बांधली गेली. खाली मालकाचे कुटुंब व वर भाड्याच्या खोल्या, अशी इमारत येथे सर्वत्र दिसते. गरजेप्रमाणे मजले चढत गेले. जिना अरुंद राहिला आणि वीजमीटर जिन्याखाली बसले. अशा बांधकामांच्या नियमितीकरणासाठी महाराष्ट्र गुंठेवारी विकास अधिनियम, २००१ करण्यात आला. त्याचबरोबर वाकडच्या बाजूस सर्व परवाने असलेल्या गृहसंकुलांतील सदनिकाही भाड्याने दिल्या जातात. एकाच खोलीत चार-सहा जणांनी 'कॉट बेसिस'वर राहणे, हा तिसरा प्रकार होय.

इमारतीस भोगवटा दाखला नसणे ही बाब भाडेकरूच्या दृष्टीने केवळ कागदोपत्री नाही. पूर्णत्वाची तपासणी न झालेल्या इमारतीचा पाया, स्तंभ आणि जिना यांविषयी कोणत्याही तज्ज्ञाने खात्री दिलेली नसते, असा तिचा अर्थ होतो. तथापि बांधकाम अनधिकृत आहे, एवढ्यावरून घरमालकाची निष्काळजीपणाबाबतची जबाबदारी संपत नाही. किंबहुना ती अधिक गंभीर होते.

करारनाम्याचे नाव आणि हक्कांची व्याप्ती

महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ हा ३१ मार्च २००० पासून अंमलात आला. या कायद्याने घरात राहणाऱ्या प्रत्येकास सारखेच संरक्षण मिळते, असा सर्वसाधारण समज आहे. तो बरोबर नाही. येथे पुढील चार प्रकार वेगळे करणे आवश्यक ठरते.

(१) भाडेकरू : अधिनियमाच्या कलम १४ नुसार, भाडेकरूने विरुद्ध करार केला नसेल तर, जागा चांगल्या व राहण्यायोग्य दुरुस्त स्थितीत ठेवणे घरमालकावर बंधनकारक आहे. भाडेकरूने किमान पंधरा दिवसांची नोटीस देऊनही वाजवी मुदतीत दुरुस्ती झाली नाही, तर भाडेकरू ती स्वतः करून खर्च भाड्यातून वळता करू शकतो. मात्र एका वर्षात वळती करावयाची रक्कम त्या वर्षाच्या भाड्याच्या एक-चतुर्थांशापेक्षा अधिक असता कामा नये. उदाहरणार्थ, दरमहा ८,००० रुपये भाडे असल्यास वार्षिक भाडे ९६,००० रुपये होते आणि खर्चाची कमाल मर्यादा २४,००० रुपये येते. एका घराची जीर्ण वायरिंग बदलण्यास ही रक्कम पुष्कळदा पुरेशी ठरते.

(२) अनुज्ञाधारी : आज थेरगावात होणारे लेखी करार बहुतांशी 'लिव्ह अँड लायसन्स' या स्वरूपाचे असतात. अशा करारान्वये राहणारी व्यक्ती कायद्याच्या परिभाषेत भाडेकरू नसून अनुज्ञाधारी असते. मुदत संपल्यावर तिच्याकडून सक्षम प्राधिकाऱ्यामार्फत ताबा घेण्याची तरतूद कलम २४ मध्ये आहे. परंतु कलम १४ मधील दुरुस्तीचा हक्क 'भाडेकरू'ला दिलेला आहे. त्यामुळे अनुज्ञाधारीस भारतीय सुविधाधिकार अधिनियम, १८८२ कडे वळावे लागते. त्याच्या कलम ५७ नुसार जागेतील जो धोकादायक दोष मालकास माहीत आहे आणि अनुज्ञाधारीस माहीत नाही, तो उघड करणे मालकावर बंधनकारक आहे. कलम ५८ नुसार जागा धोकादायक होईल असे कोणतेही कृत्य मालकाने करता कामा नये. या दोन्ही तरतुदी मोलाच्या आहेत. पण त्यांत दुरुस्ती करण्याचे कर्तव्य नाही. दोष सांगितला की कलम ५७ चे कर्तव्य पूर्ण होते.

(३) कंपनीने घेतलेले घर : एक कोटी रुपये वा त्याहून अधिक भरणा झालेले भागभांडवल असलेल्या कंपनीस दिलेल्या जागेला भाडे नियंत्रण अधिनियम लागू होत नाही (कलम ३). कंपनीने आपल्या कामगारांसाठी सदनिका घेतल्यास मालक आणि कंपनी यांचे संबंध प्रामुख्याने त्यांच्या करारावर व मालमत्ता हस्तांतरण अधिनियम, १८८२ वर अवलंबून राहतात. त्या घरात प्रत्यक्ष झोपणारा कामगार या करारात पक्षकारच नसतो. त्याने घरातील दोष मालकाबरोबरच कंपनीलाही लेखी कळविणे इष्ट होय.

(४) नोंदणी नसलेला करार : कलम ५५ नुसार भाडेपट्टा असो वा लिव्ह अँड लायसन्स, करार लेखी व नोंदणीकृत असणे सक्तीचे आहे. नोंदणीची जबाबदारी घरमालकाची आहे. तिचा भंग केल्यास तीन महिन्यांपर्यंत कारावास किंवा पाच हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. अकरा महिन्यांच्या करारास नोंदणी लागत नाही, हा समज या कलमापुढे टिकत नाही. नोटरीकडून साक्षांकित केलेला करारही नोंदणीकृत ठरत नाही. तसेच पोलीस ठाण्यात दिलेली भाडेकरूची माहिती ही नोंदणीस पर्याय नाही. विशेष म्हणजे असा करार नसल्यास, अन्यथा सिद्ध होईपर्यंत, जागेच्या अटींविषयी भाडेकरूचे म्हणणे ग्राह्य धरले जाते.

या विवेचनातून एक विसंगती समोर येते. तोंडी बोलीवर राहणारा कामगार आपण भाडेकरू आहोत असे सांगून कलम १४ चा आधार घेऊ शकतो. परंतु रीतसर नोंदणी करून राहणाऱ्या अनुज्ञाधारीस तो आधार सहज मिळत नाही. सदोष वायरिंगमधून वाहणारी वीज कागदाचे शीर्षक वाचत नाही. सुरक्षिततेचा हक्क मात्र त्या शीर्षकावर अवलंबून राहिला आहे. ही उणीव भरून काढण्याचा सध्याचा व्यवहार्य मार्ग म्हणजे करारातील अटी होत. त्यांचा विचार पुढे केला आहे.

घरमालकाची सुरक्षाविषयक जबाबदारी

(अ) इमारतीची मजबुती : महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमाच्या कलम २६४ नुसार मोडकळीस आलेली किंवा पडण्याचा संभव असलेली इमारत दुरुस्त करण्याचा वा पाडण्याचा आदेश आयुक्त देऊ शकतात. कलम २६५-अ नुसार तीस वर्षे पूर्ण झालेल्या इमारतीची नोंदणीकृत संरचना अभियंत्याकडून तपासणी करून घेणे मालक वा भोगवटादारावर बंधनकारक आहे. येथील औद्योगिकीकरणाच्या पहिल्या लाटेत बांधलेल्या इमारतींनी ही मर्यादा केव्हाच ओलांडली आहे. पावसाळ्यात छताचा गिलावा निखळणे, स्तंभावर उभ्या भेगा पडणे, लोखंडी सळ्या गंजून उघड्या पडणे ही तपासणी तातडीने करण्याची लक्षणे होत.

पाण्याच्या टाकीकडे सहसा लक्ष जात नाही. २४ ऑक्टोबर २०२४ रोजी भोसरीतील सद्गुरुनगर येथे कामगार वसाहतीतील पाण्याची टाकी कोसळून पाच कामगार मृत्युमुखी पडले. एक घनमीटर पाण्याचे वजन एक टन असते. त्यामुळे गच्चीवर नवी टाकी बसविणे म्हणजे जुन्या इमारतीवर कित्येक टनांचा भार वाढविणे होय, ही गोष्ट ध्यानात घेतली पाहिजे.

(आ) वीज : एका कुटुंबासाठी केलेल्या वायरिंगवर आज तीन-चार खोल्यांचे गिझर, इस्त्री, इंडक्शन शेगड्या आणि वातानुकूलन यंत्रे चालतात. एम.सी.बी. ही कळ विजेचा अतिरिक्त भार किंवा शॉर्टसर्किट झाल्यास पुरवठा तोडते. परंतु माणसाच्या शरीरातून जाणारा अल्प प्रवाह तिला जाणवत नाही. त्यासाठी आर.सी.सी.बी. हे वेगळे साधन लागते. घरगुती वापरात ते साधारणतः ३० मिलिअँपिअर गळतीवर पुरवठा तोडते. या साधनाच्या जोडीला योग्य अर्थिंगही आवश्यक आहे. भिंतीआडची वायरिंग भाडेकरूच्या दृष्टीस पडत नाही व ती बदलण्याचा अधिकारही त्याला सहसा नसतो. म्हणून तिची जबाबदारी मालकाकडे असणे न्याय्य ठरते.

(इ) गॅस गिझर : बंद न्हाणीघरात गॅस गिझर चालविल्यास प्राणवायू अपुरा पडून ज्वलन अपूर्ण होते आणि कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. या वायूला रंग व वास नाही. रक्तातील हिमोग्लोबिनशी तो प्राणवायूपेक्षा दोनशेहून अधिक पटींनी घट्ट जोडला जातो. त्यामुळे व्यक्ती मदतीसाठी हाक मारण्यापूर्वीच बेशुद्ध होऊ शकते. गिझर न्हाणीघराबाहेर मोकळ्या हवेत बसविणे आणि खिडकी वा झरोका कायमचा उघडा ठेवणे, हे यावरचे साधे उपाय आहेत. वीजबिल वाचविण्यासाठी मालकाने न्हाणीघरातच गॅस गिझर बसविला असेल, तर ते जागा धोकादायक करणारे कृत्य असून कलम ५८ चा विचार येथे प्रस्तुत ठरतो.

(ई) आग : ३० ऑगस्ट २०२३ रोजी चिखलीतील पूर्णानगर येथे हार्डवेअर दुकानास आग लागून दुकानातच राहणाऱ्या कुटुंबातील चौघांचा मृत्यू झाला. बाहेर पडण्याचा मार्ग एकच असणे हा अशा जागांचा मोठा दोष होय. जिन्यात ठेवलेल्या दुचाकी, खिडक्यांना बसविलेल्या न उघडणाऱ्या जाळ्या आणि गच्चीच्या दाराला लावलेले कुलूप यांमुळेही आगीच्या वेळी सुटकेचे मार्ग बंद होतात. महाराष्ट्र आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना अधिनियम, २००६ लागू असलेल्या इमारतींत यंत्रणा सुस्थितीत असल्याचे प्रमाणपत्र मालक वा भोगवटादाराने वर्षातून दोनदा, जानेवारी व जुलै महिन्यांत, सादर करावयाचे असते.

(उ) अत्यावश्यक सेवा : पाणी, वीज, जिन्यातील व मार्गिकेतील दिवे, उद्वाहक आणि स्वच्छता यांचा अंतर्भाव कलम २९ मध्ये 'अत्यावश्यक सेवा' म्हणून केलेला आहे. घर रिकामे करून घेण्यासाठी नळ वा वीज तोडणे हा शिक्षापात्र अपराध आहे. सेवा पूर्ववत करण्यासाठी न्यायालयात अर्ज करता येतो. भाडे नियंत्रण अधिनियमाखालील वादांसाठी पुण्यात लघुवाद न्यायालय आहे.

मालकाच्या निष्काळजीपणामुळे मृत्यू ओढवल्यास १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेचे कलम १०६ लागू होऊ शकते. त्यात पाच वर्षांपर्यंत कारावासाची तरतूद आहे.

भाडेकरूची कर्तव्ये

हक्कांबरोबर कर्तव्येही येतात. घरात गॅस सिलिंडरचा अनावश्यक साठा न करणे, संमतीवाचून भिंत वा वायरिंग यांत बदल न करणे, ठरल्यापेक्षा अधिक माणसे न ठेवणे आणि जिना मोकळा ठेवणे ही भाडेकरूची जबाबदारी आहे. दोष दिसताच तो मालकास लेखी कळविणे हे त्याचे सर्वांत महत्त्वाचे कर्तव्य होय. तोंडी सांगितलेली गोष्ट पुढे नाकारता येते. परंतु दिनांक व छायाचित्रासह पाठविलेले पत्र, ई-मेल किंवा मोबाइल संदेश मालकास दोषाची जाणीव होती हे दाखवितो. निष्काळजीपणा सिद्ध करताना ही जाणीव निर्णायक ठरू शकते.

करारात घ्यावयाच्या अटी

केंद्र शासनाच्या २०२१ च्या आदर्श भाडेकरार अधिनियमाच्या दुसऱ्या अनुसूचीत दुरुस्तीची विभागणी केलेली आहे. संरचनात्मक दुरुस्ती, रंगकाम, नळवाहिन्या बदलणे व वायरिंग ही कामे मालकाकडे, तर नळाचे वॉशर, सांडपाण्याच्या मार्गाची सफाई, बटणे, सॉकेट व गिझरची दुरुस्ती ही कामे भाडेकरूकडे दिली आहेत. राज्याने स्वीकारल्याशिवाय हा आदर्श अधिनियम बंधनकारक होत नाही. परंतु त्यातील विभागणी दोन्ही पक्षांना आपल्या करारात उतरविता येते. त्यानुसार पुढील अटी सुचविता येतात :

१. इमारत, वायरिंग, अर्थिंग व पाण्याची टाकी यांच्या दुरुस्तीची जबाबदारी घरमालकाची राहील.
२. ताबा देताना आर.सी.सी.बी. बसविलेली असेल व तिची चाचणी दोघांसमक्ष होईल.
३. गॅस गिझर असल्यास तो न्हाणीघराबाहेर असेल.
४. मालकास माहीत असलेले सर्व दोष करारासोबतच्या यादीत नमूद केले जातील.
५. लेखी सूचनेनंतर पंधरा दिवसांत दुरुस्ती न झाल्यास अनुज्ञाधारी ती करून खर्च मासिक शुल्कातून वळता करील.

पाचवी अट विशेष महत्त्वाची आहे. भाडेकरूस कलम १४ ने दिलेला हक्क तिच्यामुळे अनुज्ञाधारीस कराराने प्राप्त होतो. 'जागा आहे त्या स्थितीत स्वीकारली आहे' हे छापील वाक्य मात्र सही करण्यापूर्वी वगळून घ्यावे.

नोंदणीचा खर्च ही सबब फारशी टिकणारी नाही. मुद्रांक शुल्क एकूण शुल्काच्या ०.२५ टक्के असून परत करावयाच्या अनामत रकमेवरील दहा टक्के दराने येणारे व्याजही त्यात धरले जाते. दरमहा ८,००० रुपये व २०,००० रुपये अनामत असलेल्या अकरा महिन्यांच्या करारास हे शुल्क तीनशे रुपयांपलीकडे जात नाही. महानगरपालिका क्षेत्रातील नोंदणी फी १,००० रुपये आहे. शिवाय ही नोंदणी ऑनलाइन करता येते.

समारोप

घरमालक व भाडेकरू हे परस्परांचे प्रतिस्पर्धी आहेत, असे गृहीत धरून या विषयाकडे पाहणे उचित नाही. थेरगावसारख्या भागात अनेक मूळ शेतकरी कुटुंबांचा चरितार्थ भाड्यावर चालतो आणि मालकाचे कुटुंब बहुधा त्याच इमारतीत राहते. सदोष वायरिंग वा कमकुवत टाकी यांचा धोका दोघांनाही सारखाच असतो. अनुज्ञाधारीस दुरुस्तीचा स्पष्ट हक्क देण्यासाठी भाडे नियंत्रण अधिनियमात सुधारणा होणे आवश्यक आहे. ती होईपर्यंत करारातील पाच ओळी हेच संरक्षण होय. महाविद्यालयांत प्रथम वर्षास बाहेरगावचे विद्यार्थी प्रवेश घेतात, तेव्हा वसतिगृहाबाहेर राहणाऱ्यांना या अटींची एक पानी प्रत देणे प्राध्यापकांना सहज शक्य आहे. घराचे भाडे विचारणारा विद्यार्थी न्हाणीघरातील झरोक्याबद्दलही विचारू लागला, तर ते कायदेविषयक साक्षरतेचे खरे फलित ठरेल.