पोप मुंबईत : गर्दी ओव्हलवर, पडसाद पवईत आणि लिस्बनमध्ये

धर्मपीठ आणि राजसत्ता : लेखांक सातवा

गेल्या आठवड्यात आपण पोलंडमध्ये होतो. पोप दुसरे जॉन पॉल १९७९ च्या जूनमध्ये मायदेशी गेले आणि सुमारे सव्वा वर्षात तिथे ‘सॉलिडॅरिटी’ ही कामगार संघटना उभी राहिली. रस्त्यावर पोपना पाहायला आलेली माणसं आणि पुढे राजकारण घडवणारी माणसं तिथे बव्हंशी एकच होती. या वेळचं उदाहरण आपल्या घरचं आहे आणि त्याची गोष्ट उलटी आहे. डिसेंबर १९६४ मध्ये पोप सहावे पॉल मुंबईला आले, लाखो लोक त्यांना बघायला लोटले. त्या भेटीचं राजकारण मात्र घडलं ते या गर्दीत नसलेल्या माणसांच्या हातून.

निमित्त होतं अडतिसाव्या आंतरराष्ट्रीय युखरिस्तिक काँग्रेसचं. कॅथलिक पंथाचा हा जागतिक सोहळा २८ नोव्हेंबर ते ६ डिसेंबर असा चालला. मुख्य मंडप ओव्हल मैदानावर होता. पोप २ डिसेंबरला एअर इंडियाच्या बोइंग विमानाने सांताक्रूझला उतरले. भारतात पाऊल ठेवणारे ते पहिले पोप. नेहरू जाऊन सहा महिने झाले होते, शास्त्रींचं सरकार नवं होतं आणि देशात धान्याची ओढाताण होती. तरीही सरकारने आदरातिथ्यात कसर ठेवली नाही. राष्ट्रपती राधाकृष्णन, उपराष्ट्रपती झाकीर हुसेन आणि पंतप्रधान शास्त्री, तिघेही मुंबईत त्यांना भेटले. धर्मनिरपेक्ष राज्याच्या प्रमुखांनी एका धर्माच्या प्रमुखाचं एवढं स्वागत का करावं, असा सवाल हिंदू महासभेने केला आणि भेटीला विरोध जाहीर केला.

विमानतळापासून दक्षिण मुंबईपर्यंत रस्त्याच्या दोन्ही कडांना माणसांच्या रांगा लागल्या. या माणसांची मोजदाद धर्मानुसार कुणी केली नाही, पण साधा हिशेब पुरेसा आहे. १९६१ च्या जनगणनेनुसार देशात ख्रिस्ती लोक २.४४ टक्के, म्हणजे सुमारे एक कोटी सात लाख होते. मुंबईत त्यांचं प्रमाण जास्त असलं, साष्टी-वसईचे मराठी बोलणारे ईस्ट इंडियन आणि गिरगाव-माझगावचे गोवेकर धरले, तरी त्या लाखोंच्या रांगांत बिगरख्रिस्तीच अधिक असणार. ही माणसं आली होती ती दर्शनाला. पालखी आली की वाटेतल्या प्रत्येकाने हात जोडावेत, ही इथली जुनी रीत. समोरून येणाऱ्याचा धर्म कोणता, याची चौकशी त्यात बसत नाही. पोपही गाडीतून दोन्ही हात जोडून नमस्कार करत होते. ही खूण गर्दीला चटकन कळली.

या गर्दीचा अर्थ लावताना त्या वेळीही गल्लत झाली आणि आजही होते. काहींना तो चर्चच्या सामर्थ्याचा पुरावा वाटला, काहींना हिंदू समाजाच्या भोळेपणाचा. खरं तर लोकांचं ते कुतूहल होतं, आदर होता आणि थोडी जत्राही होती. मतपेटीकडे जाणारी वाट त्यातून निघत नव्हती.

पोप काय बोलले, हे मात्र तपशिलात पाहण्यासारखं आहे. ३ डिसेंबरला इतर धर्मांच्या प्रतिनिधींसमोर त्यांनी बृहदारण्यक उपनिषदातली प्रसिद्ध प्रार्थना उद्धृत केली. ही केवळ यजमानाला खूश करण्याची तऱ्हा नव्हती. रोममध्ये दुसरी व्हॅटिकन परिषद चालू होती. बिगरख्रिस्ती धर्मांशी संबंध ठेवण्यासाठी व्हॅटिकनने त्याच वर्षी मे महिन्यात स्वतंत्र सचिवालय उभं केलं होतं. इतर धर्मांविषयीच्या जाहीरनाम्याच्या मसुद्यावर परिषदेत प्राथमिक मतदान झालं, त्याला जेमतेम दोन आठवडे झाले होते. तो जाहीरनामा २८ ऑक्टोबर १९६५ ला मंजूर झाला आणि त्यात हिंदू व बौद्ध धर्मांचा नाव घेऊन आदराने उल्लेख आला. मुंबईतलं भाषण ही त्या वाटेवरची महत्त्वाची पायरी होती.

४ डिसेंबरला पत्रकारांपुढे त्यांनी आणखी एक आवाहन केलं. राष्ट्रांनी शस्त्रांवरच्या खर्चातला काही भाग तरी बाजूला काढावा आणि गरीब देशांसाठी जागतिक निधी उभारावा. १९६७ च्या त्यांच्या विकासविषयक परिपत्रकात मुंबईतल्या या आवाहनाचा मुद्दाम उल्लेख आहे. पण शीतयुद्धाच्या त्या ऐन काळात बड्या सत्तांनी त्याकडे पाठ फिरवली. मनापासून केलेलं हे मागणं वाया गेलं, याचं दुःख आजही वाटतं. सामान्यांच्या लक्षात राहिली ती वेगळीच गोष्ट. अमेरिकेतून भेट आलेली आणि दौऱ्यात वापरलेली पांढरी लिंकन कॉन्टिनेंटल मोटार पोपनी मदर तेरेसांना देऊन टाकली. त्यांनी त्या गाडीची सोडत काढली आणि आलेला पैसा आसनसोलजवळच्या शांतिनगर या कुष्ठरुग्णांच्या वसाहतीला लावला.

आता पवईकडे वळू.

२९ ऑगस्ट १९६४, जन्माष्टमीचा दिवस. पवईच्या सांदीपनी साधनालयात स्वामी चिन्मयानंदांच्या आश्रमात एक बैठक भरली. संघाचे सरसंघचालक गोळवलकर, शिवराम शंकर आपटे, अकाली नेते मास्टर तारासिंग अशी मंडळी जमली होती आणि तिथे विश्व हिंदू परिषदेची स्थापना झाली. ‘पोप आले म्हणून विहिंप निघाली’ असं सर्रास सांगितलं जातं. तारखा तसं सांगत नाहीत. आपण स्वतः मुंबईला येणार, हे पोपनी जाहीर केलं १८ ऑक्टोबरला, म्हणजे पवईच्या बैठकीनंतर सात आठवड्यांनी. मुंबईत युखरिस्तिक काँग्रेस भरणार हे आधीच ठरलेलं होतं आणि त्याची चर्चा या मंडळींत होती, एवढं खरं. पण धर्मांतराविषयीच्या चिंतेची मुळं आणखी खोल होती. मध्य प्रदेशातल्या मिशनरी कार्याविषयीचा नियोगी समितीचा अहवाल १९५६ चा. ख्रिस्ती बहुसंख्येचं नागालँड राज्य झालं डिसेंबर १९६३ मध्ये. परदेशातल्या हिंदूंना एकत्र बांधण्याचा विचारही त्याच सुमाराला चालू होता. पोपच्या स्वागताने या चिंतेला चेहरा दिला. समोरच्याकडे जगभर पसरलेली एक संघटना आहे, एक पीठ आहे, आणि आपल्याकडे असंख्य मठ-आखाडे असूनही एक व्यासपीठ नाही, हे ओव्हलवरचा सोहळा पाहून कार्यकर्त्यांना प्रकर्षाने जाणवलं असणार. जानेवारी १९६६ मध्ये प्रयागच्या कुंभात परिषदेचं पहिलं मोठं संमेलन भरलं. धर्मांतरावर निर्बंध घालणारे कायदे ओडिशात १९६७ आणि मध्य प्रदेशात १९६८ साली झाले. त्यांचं खापर किंवा श्रेय एका दौऱ्यावर टाकणं चूक ठरेल. ज्या वातावरणात ते झाले, त्यात मुंबईच्या त्या आठवड्याची भर नक्कीच होती.

सर्वांत जास्त जळफळाट झाला तो सुमारे पाच हजार मैलांवरच्या लिस्बनमध्ये. डिसेंबर १९६१ मध्ये भारतीय सैन्याने गोवा मुक्त केलं, त्याला तीन वर्षंही झाली नव्हती. हुकूमशहा सालाझारच्या पोर्तुगालच्या लेखी गोवा अजून त्यांचाच प्रांत होता. जगातल्या सर्वांत निष्ठावंत कॅथलिक राष्ट्रांत स्वतःची गणना करणाऱ्या या देशाच्या परराष्ट्रमंत्र्यांनी, फ्रँको नोगेरा यांनी, पोपच्या भारतभेटीला विनाकारण केलेला अपमान ठरवलं. सेन्सॉरखालच्या पोर्तुगीज वृत्तपत्रांत भेटीच्या बातम्या दडपल्या गेल्या. त्यामागे जुना व्रणही होता. एका कराराने मुंबईचा आर्चबिशप आळीपाळीने पोर्तुगीज आणि ब्रिटिश असे. ती व्यवस्था मोडून १९५० मध्ये त्या पदावर व्हॅलेरियन ग्रेशियस आले. गोव्याच्या कुटुंबातला, कराचीत जन्मलेला हा धर्मगुरू १९५३ मध्ये भारताचा पहिला कार्डिनल झाला. तोच आता पोपचा यजमान होता.

व्हॅटिकनने या रागाची दखल घेतली, पण भेट रद्द केली नाही. नेमक्या त्याच दिवसांत जुन्या गोव्यात सेंट फ्रान्सिस झेवियर यांचं शवप्रदर्शन भरलं होतं आणि ३ डिसेंबर हा त्यांच्या फेस्ताचा दिवस. पोप त्या दिवशी मुंबईत होते. मुंबईला आलेले कितीतरी यात्रेकरू पुढे गोव्याला गेले, पोप गेले नाहीत. गोव्यात पाय ठेवला असता तर भारताच्या सार्वभौमत्वावर व्हॅटिकनने शिक्कामोर्तब केलं, असाच अर्थ जगाने लावला असता.

हा सावधपणा पुढेही टिकला. १९६७ च्या मे महिन्यात पोप पोर्तुगालमधल्या फातिमाच्या तीर्थाला गेले, तेव्हा त्यांचं विमान लिस्बनला न उतरता मोंते रेआल या हवाई तळावर उतरलं. गोव्याचे पोर्तुगीज आर्चबिशप आल्व्हेर्नाझ १९६२ मध्येच गोवा सोडून गेले होते, तरी पद त्यांच्याच नावावर राहिलं. पोर्तुगालमध्ये १९७४ च्या एप्रिलमध्ये हुकूमशाही कोसळली. ३१ डिसेंबर १९७४ रोजी नवी दिल्लीत दोन्ही देशांचे परराष्ट्रमंत्री मारिओ सोआरेश आणि यशवंतराव चव्हाण यांनी करारावर सह्या केल्या आणि पोर्तुगालने गोव्यावरचं भारताचं सार्वभौमत्व मान्य केलं. त्यानंतर १९७५ मध्ये आल्व्हेर्नाझ यांचा राजीनामा आला, आणि १९७८ मध्ये राऊल गोन्साल्विस गोव्याचे आर्चबिशप झाले. पोपची गोव्याला पहिली भेट घडायला १९८६ चा फेब्रुवारी उजाडला. तोवर सहाव्या पॉल यांना जाऊन साडेसात वर्षं झाली होती. गोव्यात आले ते दुसरे जॉन पॉल.

(पुढील लेखांकात : दलाई लामांची तवांग भेट आणि बीजिंगचा निषेध)